प्लिमथचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी, घाटांसाठी, फार तर एखाद्या बारवेसाठी राखून ठेवला आहे. मोटारीचा जीर्णोद्धार होतो असे म्हटले तर ऐकणाऱ्याला हसू येईल. कारण मोटार जुनी झाली की विकावी आणि विकली गेली नाही की भंगारात घालावी, एवढाच तिच्याविषयीचा आपला धर्म. परंतु सरकारी नोकरीनिमित्त तंजावरला राहावयास आल्यापासून ज्या एका १९४८ सालच्या अमेरिकन मोटारीच्या कामात मी रविवारमागून रविवार हातभार लावीत आलो आहे, त्या कामाला याहून योग्य असा दुसरा शब्द मला सापडत नाही. हे काम कारखान्यात होत नाही. एका जुन्या घराच्या मागील अंगणात, कौलारू पडवीखाली, साध्या पान्यांनी आणि पुष्कळशा धीराने होते. ते कसे होते आणि ते करताना कोणते प्रश्न माणसापुढे उभे राहतात, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

कावेरीच्या खोऱ्यात, भाताच्या खाचरांच्या मुलखात, अमेरिकन मोटार आली कशी, असा प्रश्न प्रथम मनात येतो. त्याचे उत्तर मुंबईत आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनी त्याआधीच, १९२६ पासून, या देशात होती. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि येथे जुळविले जात. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरविले की, मोटारी क्रमाक्रमाने येथेच घडविण्याची ज्यांची तयारी नसेल त्यांना नुसती जुळणी करू द्यावयाची नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली आणि १९५४ पासून इटलीच्या फियाटकडे वळली. म्हणजे आपल्या देशात अमेरिकन मोटारींची जी शेवटची मोठी पिढी दिसते, ती या सात-आठ वर्षांतली.

या गाड्यांना गिऱ्हाईक होते ते संस्थानिकांपासून मुंबईच्या टॅक्सीवाल्यांपर्यंत. तंजावर जिल्ह्यात त्या मिरासदारांनी घेतल्या. मिरासदार हा शब्द आपल्याकडे आता पुस्तकांत उरला आहे. येथे तो अजून बोलण्यात आहे. खासगी मोटारीला तमिळ खेड्यांतून ‘प्लेझर’ म्हणत, कारण ती भाड्यासाठी नसून मौजेसाठी असे. ही मौज फार दिवस चालली नाही. मद्रास सरकारच्या १९६१ च्या कायद्याने कुटुंबाच्या जमिनीवर तीस प्रमाण एकरांची मर्यादा घातली, १९७० साली ती पंधरांवर आणली, आणि १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर पेट्रोलचा भाव असा चढला की, लिटरमागे सहा-सात किलोमीटर जाणारी गाडी पोसणे हत्ती पोसण्यासारखे झाले. प्लिमथच्या इंजिनाचे आकारमान साडेतीन लिटरांहून थोडे अधिक, फियाटचे अकराशे घनसेंटिमीटरही नाही. आकडे एवढे बोलके असल्यावर आणखी काही सांगावयास नको.

मी ज्या गाडीविषयी बोलतो आहे ती अशाच एका मिरासदाराकडून एका वकिलाने १९६१ साली विकत घेतली. हे घराणे मराठी आहे. एकोजीराजांच्या मागोमाग जी कुटुंबे दक्षिणेत आली आणि १८५५ साली राज्य खालसा झाल्यावरही येथेच राहिली, त्यांपैकी ते एक. घरात अजून मराठी बोलतात. मात्र तीत तमिळ शब्द असे मिसळले आहेत की, पुण्याच्या माणसाला पहिले काही दिवस कान टवकारून बसावे लागते. वकिलांचे चिरंजीव आज शहात्तर वर्षांचे आहेत. सारे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. वकिलांनी १९७५ साली, पेट्रोल झेपेना म्हणून, गाडीचे मूळ इंजिन उतरवून तेथे डिझेलचे इंजिन बसविले. त्या काळी ही गोष्ट सर्रास चाले. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिने बनत आणि एखाद्या चतुर मिस्त्रीला ती कोणत्याही लांब नाकाच्या गाडीत बसविता येत. वकिलांचे शहाणपण असे की, काढलेले इंजिन त्यांनी विकले नाही. ग्रीस चोपडून, गोणपाटात गुंडाळून ते पडवीच्या कोपऱ्यात ठेवले. १९९१ साली गाडी बंद पडली ती पडलीच. कोपऱ्यात पडलेले मूळ इंजिन आणि गाडीत बसलेले परके इंजिन, या दोहोंपैकी गाडीचे खरे कोणते, या प्रश्नाशी अण्णांचे काम कित्येक वर्षे अडून होते. त्याकडे मी पुढे वळेन. आधी यंत्राची ओळख.

प्लिमथचे इंजिन सहा सिलिंडरांचे. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर असतात. येथे ते सिलिंडरच्या शेजारी, लोखंडी ठोकळ्यातच, उभे बसविलेले आहेत. त्यामुळे माथा म्हणजे केवळ एक जाड, सपाट झाकण. या रचनेत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण फारसे दाबता येत नाही. दाबाचे प्रमाण सातास एकपर्यंतही पोचत नाही आणि म्हणून एवढे मोठे इंजिन अवघी पंचाण्णव अश्वशक्ती देते. परंतु घरी काम करणाऱ्याला हीच रचना वरदान आहे. हलके पेट्रोल तिला चालते. माथा काढला की सहाही दट्ट्ये समोर दिसतात. बाजूची दोन पत्र्याची झाकणे काढली की व्हॉल्व्ह उचलणारे दांडे हाताशी येतात. शिवाय या इंजिनाची बेअरिंगे बदलता येण्याजोग्या पातळ वाट्यांची आहेत. त्याच काळच्या शेव्हरोले गाडीत, १९५३ पर्यंत, जोडदांड्यांत पांढरा धातू वितळवून ओतावा लागे. ते काम जाणणारे हात आता शोधून सापडणे कठीण. घरच्या घरी जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्याने गाडी निवडताना रंगापेक्षा या गोष्टीकडे पाहावे.

वर्षानुवर्षे पडून असलेले इंजिन चालू करून पाहण्याची घाई हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू. दट्ट्यांच्या कड्या गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या असतात. बॅटरी लावून जोर केला की कड्या तुटतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उठतात. सहाही प्लग काढावेत, प्रत्येक भोकात रॉकेल व इंजिनचे तेल समभाग मिसळून थोडे थोडे ओतावे आणि आठ दिवस त्या इंजिनाकडे पाहूही नये. मग पुन्हा ओतावे. आमचे इंजिन तिसऱ्या आठवड्यात, दात्यांच्या चाकाला लांब पहारीचा हलका रेटा दिल्यावर, केसभर हलले. एकदा हलले की पुढे-मागे झुलवीत न्यावयाचे, एकाच दिशेने रेटावयाचे नाही. क्रायस्लरच्या या इंजिनात सहाव्या सिलिंडरच्या वर एक छोटेसे बूच असते. ते काढून आत तार सोडली म्हणजे दट्ट्या वर येतो-जातो ते बोटांना कळते, आणि ठिणगीची वेळ जुळविताना दट्ट्या नेमका माथ्यावर केव्हा आला हेही त्यावरून ठरविता येते. कारखान्याने ही सोय करून ठेविली. पण हाती गाडी असलेल्या दहांतील नऊ जणांना हे बूच कशासाठी आहे ते ठाऊक नसते.

हे बूच मला दाखविले ते गावातील एका वृद्ध मिस्त्रींनी. बसगाड्यांच्या कर्मशाळेत लहानपणी फडके धुण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. इंजिन तापलेले आणि संथपणे चालू असताना, उघड्या झाकणातून पातळ पट्टी घालून, ते व्हॉल्व्हची फट बसवितात: मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला इंचाचे आठ सहस्रांश, धूर बाहेर टाकणाऱ्याला दहा. ही मापे पुस्तकात मिळतात. पण पट्टी ओढताना तिला कितपत अटकाव व्हावा, हे त्यांनी माझा हात आपल्या हातात धरून सांगितले. ते पुस्तकात नाही. त्यांची दोन्ही मुले आता मोबाइल फोनच्या धंद्यात आहेत, आणि त्याविषयी त्यांना मुळीच खेद नाही. खेद मला वाटतो. म्हणून ते बोलत असताना मी वही उघडी ठेवतो.

त्यांनी पहिल्याच दिवशी आमची पान्यांची पेटी बाजूला सारली होती. अमेरिकन गाडीचे सारे बोल्ट इंचांच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर आजचा तेरा नंबरचा पाना बसतो असे वाटते आणि दोन-चार वेळा चालूनही जातो. पाचव्या वेळी बोल्टच्या षट्कोनाचे कोपरे झिजून त्याचा गोटा होतो आणि मग पाच मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागतात. इंचांच्या पान्यांचा एक बरा संच ही या छंदातली पहिली खरेदी असावी.

पाण्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. इंजिनाच्या ठोकळ्यात, पाण्याच्या पंपामागे, पुढून मागपर्यंत पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. रेडिएटरमधून आलेले थंड पाणी ती प्रत्येक व्हॉल्व्हपाशी वाटून देते. ही नळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती आहे हेच कित्येकांना माहीत नसते. आणि विंधनविहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले की ती आतल्या आत गंजून जाते. मग पाणी पुढच्याच दोन सिलिंडरांपाशी घोटाळते, मागचे तापतात, काटा मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो, आणि एके दिवशी मागचे व्हॉल्व्ह जळतात. रेडिएटर व पंप काढून, आकडा घालून, ही नळी ओढून काढावी लागते. आमची तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेवटचा तुकडा काढावयास तीन रविवार लागले. नवी नळी अण्णांनी कुंभकोणमला पितळी भांडी करणाऱ्या एका कारागिराकडून करवून घेतली. जुन्या नळीचे तुकडे कागदावर मांडून आम्ही तिची आकृती काढली होती, भोकांच्या जागा व आकार मोजले होते. कारागिराने ती आकृती पाहून एवढेच विचारले की, यात काय शिजवितात? पितळ गंजत नाही, म्हणून ही नळी मूळच्या नळीपेक्षा टिकेल. आता रेडिएटरमध्ये नळाचे वा विहिरीचे पाणी जात नाही. शुद्ध केलेले पाणी व गंजविरोधी द्रव एवढेच जाते.

विजेचा प्रकार आजच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले. आजच्या गाडीत बारा व्होल्ट आणि ऋण टोक अंगाला. तेवढाच प्रकाश हवा तर निम्म्या दाबाला दुप्पट प्रवाह लागतो, आणि तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला जाड तारा आणि स्वच्छ जोड लागतात. दिवे मिणमिणतात, स्टार्टर कण्हतो, अशा तक्रारी झाल्या की लोक बारा व्होल्टची बॅटरी बसवून मोकळे होतात. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसून जोडांखालच्या गंजाचा व रंगाचा असतो. आम्ही सुताच्या वेष्टणाच्या जुन्या तारा, ज्या उंदरांनी व दमट हवेने अगदी निकामी केल्या होत्या, त्या बदलल्या, बॅटरीच्या जाड केबली नव्या केल्या, आणि जेथे जेथे तार अंगाला जोडते तेथला पत्रा घासून उघडा केला. सहा व्होल्टचा स्टार्टर त्या दिवसापासून पहिल्याच हाकेला ओ देतो.

ब्रेकांविषयी मात्र मी कोणताही मोह चालू देणार नाही. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडले तर ती उभी राहत नाही. या गाडीत चारही चाकांना द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक आहेत, आणि त्या काळी ती अभिमानाची गोष्ट होती. पण चारही चाकांचा दाब एकाच मास्टर सिलिंडरमधून जातो. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र मार्ग असतात, येथे नाहीत. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि तंजावरच्या हवेत ओलीला काही तोटा नाही. ओल आतून सिलिंडर गंजविते आणि उतारावर ब्रेक तापले की त्याच पाण्याची वाफ होऊन पायाखालचा पेडल पोकळ लागतो. म्हणून दर वर्षी सारे तेल काढून नवे भरावयाचे, आणि सिलिंडर आतून पितळेचे अस्तर लावून घ्यावयाचे. पूर्वी कोणी तरी या गाडीत ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनचे तेल भरले होते. खनिज तेलाने रबराच्या वाट्या फुगून लिबलिबीत झाल्या होत्या. त्या साऱ्या, नळ्यांसकट, टाकून द्याव्या लागल्या.

हातब्रेकची गंमत निराळीच. तो चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागे, मागील चाके फिरविणाऱ्या दांड्यावर आवळतो. गाडी सपाटीवर उभी असेल तर तो उत्तम. परंतु जॅक लावून एक मागचे चाक उचलले की दांडा अडलेला असूनही उचललेले चाक उलट फिरते, जमिनीवरचे चाक सुलट फिरते आणि गाडी जॅकवरून निसटते. खाली माणूस असेल तर काय होईल ते सांगावयास नको. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्यावाचून अण्णा कोणालाही पाना उचलू देत नाहीत. आणि गाडीखाली जावयाचे ते पोलादी घोड्या लावल्यावरच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. क्रायस्लरच्या गाड्यांची आणखी एक खोड सांगून ठेवतो: डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात. चाक फिरता फिरता बोल्ट सैल होऊ नये, हा हेतू. हे ठाऊक नसलेला माणूस डावे चाक काढण्यासाठी जितका जोर लावतो तितका बोल्ट आवळत जातो, आणि शेवटी मोडतो.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. शिशाचे पेट्रोल आपल्याकडे २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले, तेव्हा जुन्या गाड्यांचे व्हॉल्व्ह बसण्याची जागा झिजेल अशी भीती होती. या इंजिनात धूर टाकणाऱ्या व्हॉल्व्हखाली कठीण धातूची कडी बसविलेली असल्याने तिचे काही बिघडले नाही. इथेनॉलची गोष्ट वेगळी. २०२५ पासून पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये साधारणतः वीस टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, टाकीच्या तळाशी साठलेला गंज व राळ सोडविते, आणि १९४८ सालचे रबर व बुचाच्या चकत्या त्याला तोंड देत नाहीत. आम्ही टाकी आतून धुऊन घेतली, पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या, कार्ब्युरेटरमधला चामड्याचा दट्ट्या मात्र चामड्याचाच ठेवला. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, म्हणून मिश्रण थोडे दाट करावे लागले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये.

गंजाविषयी बोलावयाचे तर तंजावरचे ऋतुमान ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडचा पाऊस ओसरतो तेव्हा येथला सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस पडतो आणि पडवीची फरशीही ओल धरते. गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा तिला वाफवून गंजविण्याचा उपाय आहे. सुती कापड घालावे, हवा खेळती ठेवावी. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. रंग देणारे कारागीर उत्साहाने ती लांबीने बुजवून टाकतात आणि दोन पावसाळ्यांत दार खालून कुजते. आमच्या गाडीची चारही दारे अशीच गेली होती. कुजलेला पत्रा कापून तेवढाच नवा जोडला, लांबीचे थर चढविले नाहीत. रंगाबद्दल मला फार सांगावयाचे नाही. लोक जीर्णोद्धाराचा आरंभ रंगापासून करतात, त्यामुळेच बहुतेक जीर्णोद्धार रंगापाशीच संपतात.

आता त्या इंजिनाकडे वळतो. मूळ इंजिन हलले, स्वच्छ झाले, एका लाकडी चौकटीवर बसवून चालवूनही पाहिले. तरी अण्णा ते गाडीत बसवावयास तयार होत ना. “साहेब,” ते मला म्हणाले, “या डिझेल इंजिनावर माझ्या चार बहिणींची लग्ने झाली. आमच्या वडिलांनी रात्र रात्र जागून ते बसविले. ते काढले तर वडिलांचे काम मी पुसून टाकल्यासारखे होईल.” मिस्त्रींचे मत उलट होते. डिझेलच्या हादऱ्याने सांगाड्याला दोन ठिकाणी चिरा गेल्या होत्या, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणावयाची तर ते इंजिन उतरविलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दोघांचेही खरे होते.

मला त्या वेळी आठवले ते बृहदीश्वराचे देऊळ. आपण त्याला राजराज चोळाचे म्हणतो. पण त्याच देवळात नायक राजांनी भर घातली, आणि सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्याच्या भिंतीवर कोरविला. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना एक गोष्ट दिसली: नायककालीन चित्रांचा गिलावा जेथे गळला होता तेथे खालून चोळांच्या काळची चित्रे डोकावत होती. मग खालची चित्रे उघडी करावयाची तर वरची नष्ट करावयाची की काय? पुराणवस्तू खात्याने पुढे तसे केले नाही. वरचा थर अलगद सोडवून फायबरग्लासच्या फलकांवर चढविला आणि तो जपून ठेवला. भिंतीवर चोळांची चित्रे मोकळी झाली. मी ही हकीकत अण्णांना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. ते लहानपणापासून त्या देवळात जातात. मी त्यांना नवे काय सांगणार होतो! पण पुढल्या रविवारी गेलो तेव्हा पडवीत सागवानी तुळयांची एक नवी चौकट उभी होती. डिझेल इंजिनासाठी.

ते इंजिन आता तेलपाणी करून त्या चौकटीवर ठेवले आहे. वकिलांनी सांगाड्याला पाडलेली भोके आम्ही बुजविली नाहीत. फक्त चिरा वेल्ड केल्या आणि पुढला एक ब्रॅकेट, ज्याचा आता काही उपयोग नाही, तो जागच्या जागी राहू दिला. एखाद्या प्रदर्शनातल्या परीक्षकाला तो खटकेल. खटको.

या निर्णयाची एक व्यावहारिक बाजूही आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी या नियमांत बसते. नव्याने नोंद करावयाची तर वीस हजार रुपये, नंतर नूतनीकरणाला पाच हजार. नोंदणी दहा वर्षांची. ज्या गाडीची पूर्वी नोंद झालेली आहे तिला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्यांना राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. अशी गाडी रोजच्या कामाला वा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, अभ्यास, दुरुस्ती वा पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. डिझेल इंजिन राहिले असते तर हा मार्गच बंद होता. गाडीच्या नोंदणीपुस्तकात १९७५ सालचा बदल नमूद असल्याने मूळ इंजिनाचा क्रमांक पुन्हा चढवून घ्यावा लागला. कागदपत्रांचा हा भाग माझ्या वाट्याला आला, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत टिप्पणी लिहिण्याची जी सवय जडली आहे ती प्रथमच मला आनंद देऊन गेली.

तीच सवय दुसऱ्याही एका कामी आली. आम्ही एक वही ठेवली आहे. कोणत्या तारखेला कोणता भाग उघडला, आत काय आढळले, काय बदलले, जुना भाग कोठे ठेवला, हे तीत लिहितो. उघडण्यापूर्वी छायाचित्र घेतो, सुटे स्क्रू डबीत घालून डबीवर चिठ्ठी चिकटवितो. मिस्त्री सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, तमिळमध्ये, अण्णांची नात लिहून घेते. ती त्रिचीला अभियांत्रिकी शिकते आणि सुटीत येते. पहिल्या वर्षी ती आजोबांच्या आग्रहाखातर लिहीत असे. आता व्हॉल्व्हची पट्टी तीच ओढते, आणि मिस्त्री तिच्या हाताला बोट लावीत नाहीत.

गाडी चालती ठेवणे हे गाडी चालती करण्याइतकेच काम आहे. पंधरवड्यातून एकदा ती पुरती तापेपर्यंत चालविली पाहिजे, नुसती जागच्या जागी पाच मिनिटे सुरू करून बंद केली तर इंजिनात पाणी धरते. दर सोळाशे किलोमीटरना पुढच्या जोडांना ग्रीस द्यावयाचे. ज्या गाडीत ते द्यावे लागत नाही अशा गाडीत वाढलेल्या माणसांना ही गोष्ट आठवतच नाही. टायरांची अडचण येईल असे वाटले होते, ती आली नाही, कारण ६.००-१६ हे माप जीपगाड्यांमुळे आपल्याकडे टिकून राहिले. हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचेही आहे, आणि कावेरीच्या खोऱ्यात ते टायर गावोगाव मिळतात, स्वस्तही मिळतात. परंतु ते नांगरटीच्या गतीसाठी बनविलेले असतात, मोटारीला ते कदापि घालू नयेत. दुकानदाराने आग्रह केला तरी नाही.

सध्या काम अडले आहे ते दारांच्या कडेच्या रबरी पट्ट्यांवर. मूळ आकाराच्या पट्ट्या परदेशांतून मागविता येतात, पण त्यांची किंमत व जकात मिळून अण्णांच्या निवृत्तिवेतनाला जड जाते. खिडक्यांना लागणाऱ्या पट्टीचा एक तुकडा त्यांनी कोइमतूरच्या एका रबराच्या कारखान्याला नमुना म्हणून पाठविला आहे. कोइमतूरला यंत्रांची हौस जुनी आहे. तेथे जुन्या मोटारींचे संग्रहालयही २०१५ सालापासून आहे. नमुन्याप्रमाणे साचा करावयास काय पडेल, याचे उत्तर अजून यावयाचे आहे. ऑक्टोबरचा पाऊस लागण्याआधी ते यावे, अशी आम्ही वाट पाहत आहोत.